मर्दानी खेळासाठी लाठी कशी घडवावी: बांबूची निवड, वाळवण, माप आणि नावं

लाठी करायची म्हटलं की बहुतेकांना आधी पॉलिश पेपर आणि तेल आठवतं. पण लाठी टिकणार की चौथ्या ठोक्याला उभी फाटणार, हे बांबूच्या बेटात आणि वाळवणीत ठरून गेलेलं असतं. शेवटच्या दोन दिवसांत आपण तिला फक्त हाताजोगी करतो. म्हणून खाली निवड, तोडणी, वाळवण आणि शेकणं यांवर जास्त लिहिलं आहे, रंगरंगोटीवर जवळजवळ काहीच नाही.

आधी नाव, मग माप

आखाड्यात सगळ्यालाच सरसकट 'काठी' म्हणायची सवय असते. बोलायला ते चालतं, पण बनवायला बसल्यावर चालत नाही. प्रत्येक नावामागे लांबी, जाडी आणि टोकाची रचना ठरलेली आहे.

लाठी म्हणजे दोन्ही हातांत धरून फिरवायची, उभ्या माणसाच्या कानाच्या पाळीपर्यंत येणारी बांबूची काठी. काही आखाडे खांद्यापर्यंतची घेतात, काही कपाळापर्यंतची. फिरवण्याच्या हातांसाठी, म्हणजे प्रकारांसाठी, आखूड सोयीची, मारामारीच्या डावांना लांब. नुसती 'काठी' म्हणजे त्याहून बारीक आणि हलकी, शिकाऊ मुलांच्या हातातली. 'लाठीकाठी' हा जोडशब्द मात्र वस्तूचा नाही, सगळ्या विद्येचा आहे. दुकानदाराकडे 'दोन लाठीकाठी द्या' म्हटलं तर तो काय देईल ते सांगता येत नाही.

सोटा आखूड आणि जाड, कमरेपर्यंत येणारा, एका हातात पेलणारा. तो बांबूचा क्वचित असतो, बहुधा भरीव लाकडाचा. दंडुका त्याहून लहान, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या मापाचा किंवा थोडा मोठा. गदगा म्हणजे चामड्याचं आवरण चढवलेली मुठीची छडी. ती फरीबरोबर, म्हणजे लहान ढालीबरोबर, खेळतात. तलवारीच्या हातांचा सराव तिच्यावर होत असल्याने तिची गणना लाठीत करू नये.

बोथाटी माणसाच्या उंचीपेक्षा बरीच लांब असते आणि टोकाला चिंध्यांचा घट्ट गोळा बांधलेला असतो. घोड्यावरच्या भाल्याचा सराव जखम न होता करता यावा म्हणून टोक मुद्दाम बोथट ठेवलेलं. विट्याला खरं पातं असतं आणि दांड्याला बांधलेली दोरी मनगटाला अडकवलेली असते, म्हणजे फेकलेला विटा ओढून परत घेता येतो. बनेटीच्या दोन्ही टोकांना गोळे किंवा पेटवायचे बोळे असतात. तिचा दांडा लाठीसारखाच करायचा, पण टोकापासून निदान वीतभर भागावर पत्रा गुंडाळायचा, नाहीतर पहिल्याच मिरवणुकीत टोकं जळतात.

आणि गुप्ती. बाहेरून काठी दिसते, पण आत पातं असतं. शस्त्र अधिनियम 1959 आणि त्याखालचे नियम तिला तलवारीच्या पंगतीत बसवतात. ती लाठीचा प्रकार म्हणून करायला घेऊ नये.

या लेखात मुख्यतः लाठी, आणि पुढे लाकडी सोटा. मोठ्या माणसाच्या लाठीसाठी व्यास एक इंच ते एक इंच एक सूत, म्हणजे साधारण 25 ते 28 मिलिमीटर धरा. मूठ वळल्यावर अंगठा मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर आला की जाडी बरोबर. सव्वापाच फूट लांब, 28 मिलिमीटर जाड, भरीव आणि पूर्ण वाळलेल्या लाठीचं वजन साधारण 650 ते 750 ग्रॅम भरतं. 900 च्या वर गेली तर एकतर ती अजून ओली आहे किंवा जाड आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना सव्वाचार फूट आणि 20 ते 22 मिलिमीटर पुरे. मोठ्याची लाठी आखूड कापून मुलाला देऊ नये. लांबी जुळते, जाडी जुळत नाही, आणि मूठ पूर्ण न मिटल्याने काठी हातातून सुटून शेजारच्याला लागते.

कोणता बांबू

महाराष्ट्रात लाठीसाठी दोनच बांबू खरे कामाचे: विदर्भातल्या कोरड्या डोंगरांवरचा मानवेल आणि कोकणातला, विशेषतः सिंधुदुर्गातला, माणगा.

मानवेल भरीव म्हणून प्रसिद्ध आहे, पण तो सगळीकडे भरीव नसतो. कोरड्या, खडकाळ जागेवर त्याची भिंत जाड होऊन पोकळी जवळजवळ बुजते. ओढ्याकाठी किंवा भरपूर पावसाच्या जागी तोच मानवेल पोकळ निघतो. म्हणून जात विचारण्याआधी जागा विचारावी, आणि शक्य असेल तर कापलेलं टोक पाहूनच घ्यावं. माणगा सरळ वाढतो, काटे नसतात, बुडाकडून बराच भरीव असतो. वरच्या अर्ध्यात पोकळी मोठी होत जाते, म्हणून लाठी बुडाकडच्या भागातलीच काढावी. काटेरी कळक लाठीला घेऊ नये. तो जाड आणि पोकळ असतो, बुरुडकामाला आणि मांडवाला उत्तम, पण ठोक्याला त्याची भिंत आत दबते.

भरीव बांबू आवश्यक का? पोकळ काठीवर आडवा ठोका बसला की नळी चपटी होऊ पाहते आणि भिंत लांबीत उभी फाटते. भरीव काठीत दबायला जागाच नसते.

बांबूचं बळ सालीलगत असतं. तिथे धागे दाट असतात, आत जावं तसे विरळ होतात. त्यामुळे जाड बांबू आणून रंध्याने तासून बारीक करणं ही सगळ्यात मोठी चूक. जेवढी साल काढाल तेवढं बळ काढाल. हवी ती जाडी बेटातच शोधायची. वाळताना व्यास दीड-दोन मिलिमीटर कमी होतो, म्हणून 28 ची लाठी हवी असेल तर हिरवी काठी 30 ची निवडावी. ज्या साडेपाच-सहा फुटांत बुडखा आणि शेंडा यांच्या जाडीत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नाही, असा तुकडा हवा. फरक जास्त असेल तर लाठी फिरवताना एका अंगाला ओढते.

वय तीन ते चार वर्षांचं. पहिल्या वर्षाची काठी तुकतुकीत हिरवी असते, तिच्यावर पांढरी भुकटी असते आणि पेरांना कोंबावरची वेष्टनं चिकटलेली असतात. तिला घेतलंत तर वाळताना ती सुरकुतते. तीन-चार वर्षांच्या काठीवर वेष्टनं गळून गेलेली असतात, हिरवा रंग मळकट होतो, सालीवर करडे-पांढरे डाग दिसतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकल्यावर टणक आवाज येतो. बेटात नव्या काठ्या कडेने येतात, जुन्या मधे अडकतात. म्हणून हव्या त्या काठीपर्यंत पोचायला बेट थोडं मोकळं करावं लागतं. स्वतःचं बेट असेल तर दरवर्षी पावसाळा संपताच नव्या काठ्यांवर त्या वर्षाचा रंगाचा पट्टा ओढून ठेवा, पुढे अंदाज करायची वेळ येत नाही. बेटाला फुलोरा आला असेल तर तिथलं काहीच घेऊ नका. फुलून मरणाऱ्या बेटातली काठी ठिसूळ निघते.

तोडणी

कार्तिक ते माघ, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात बेट नवे कोंब काढत असतं, काठ्यांत पाणी आणि पिष्ट भरपूर असतं, आणि बांबू पोखरणाऱ्या भुंग्याला तेच पिष्ट हवं असतं. अमावास्येच्या आसपास तोडलेला बांबू किडत नाही असं पुष्कळ जण मानतात. तिथी पाळायला हरकत नाही, पण भर श्रावणातल्या अमावास्येला तोडलेल्या काठीला ती तिथी वाचवणार नाही. ऋतू आधी.

जमिनीपासून पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या अगदी वर कापावं. गाठीच्या वर चार बोटं नळी उरली तर तिच्यात पाणी साठतं आणि खुंट कुजतो. करवतीने कापा. कोयत्याच्या घावाने तळाला चिरा जातात आणि वाळताना त्याच वर चढतात. हव्या लांबीपेक्षा फूटभर जास्त ठेवा. डहाळ्या ओढून तोडू नका, त्यांच्याबरोबर सालीची पट्टी निघते. आधी खालून अर्धा घाव, मग वरून.

2017 च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेर, म्हणजे शेतात-बांधावर वाढवलेला बांबू भारतीय वन अधिनियमाच्या व्याख्येत 'झाड' राहिलेला नाही. वनातला बांबू मात्र परवानगीशिवाय आणता येत नाही. जिथे गावाला सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथे ग्रामसभेकडून तो रीतसर विकत मिळतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार मिळवला, त्या भागातला मानवेल लाठीला नामी असतो.

पाणी आणि टाकणखार

तोडलेल्या काठ्या दोन-तीन दिवसांच्या आत पाण्यात जायला हव्यात. वाहतं पाणी असेल तर तीन ते चार आठवडे, दगड ठेवून पूर्ण बुडवून. साठलेलं पाणी असेल तर आठवड्याला बदला, नाहीतर ते आंबतं, वास सुटतो आणि साल काळवंडते. या काळात पिष्ट विरघळून निघून जातं.

एवढ्याने भुंग्याचा धोका कमी होतो, संपत नाही. पाण्यातून काढलेल्या ओल्या काठ्या लगेच टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडरच्या द्रावात घालाव्यात. ओल्या बांबूतच हे क्षार आत सरकतात, वाळलेल्या भरीव काठीत ते सालीवरच अडतात. प्रमाण: 10 लिटर पाण्याला 300 ग्रॅम टाकणखार आणि 200 ग्रॅम बोरिक पावडर. पाणी कोमट असलं की लवकर विरघळतं. चार इंची पीव्हीसी पाइपचं एक तोंड बंद करून तो उभा बांधला की पाच-सहा लाठ्यांना आठ-नऊ लिटर द्राव पुरतो. मोठी टाकी लागत नाही. भरीव काठ्यांना बारा ते चौदा दिवस ठेवा, निम्म्या दिवसांनी उलट्या करा. कॅरमच्या पटावर टाकतात तीच ही बोरिक पावडर, तरी द्रावात उघड्या हाताने काम करू नये आणि उरलेला द्राव विहिरीजवळ किंवा झाडांच्या बुंध्याशी ओतू नये.

वाळवण

इथे घाई करणाऱ्यांच्या लाठ्या फाटतात. उन्हात टाकलेली भरीव काठी बाहेरून आकसते, आतला गाभा मात्र अजून फुगलेलाच असतो, आणि साल गाठीपासून गाठीपर्यंत उभी चिरते. असा तडा नंतर कोणत्याही गोंदाने बुजत नाही.

दोन्ही टोकांवर वितळलेलं मेण किंवा ऑइल पेंटचा जाड थर द्या. टोकांतून पाणी सगळ्यात वेगाने उडतं आणि तडे तिथूनच सुरू होतात. मग वळचणीखाली, सावलीत, वारा खेळेल अशा जागी उभ्या ठेवा. खाली विटा किंवा फळी असू द्या. ओल्या जमिनीला टेकलेलं टोक बुरशी धरतं. आठवड्याला बुडखा-शेंडा उलटा करा. भिंतीला तिरक्या टेकवून महिनाभर विसरलात तर त्या तशाच कमानदार वाळतात.

किती दिवस? भरीव मानवेलला अडीच ते तीन महिने. पण दिवस मोजण्यापेक्षा वजन मोजा. एक काठी ठरवून तिच्यावर दर रविवारी वजन लिहीत जा. लागोपाठ तीन आठवडे आकडा हलला नाही की ती वाळली. एकूण वजन एक तृतीयांशाहून जास्त उतरतं. हाताला कोरडी लागते म्हणून वाळली असं मानू नका.

शेकून सरळ करणं

बेटातून सरळ काठी क्वचितच मिळते. बहुतेक बाक गाठींशी असतो, कारण गाठीला काठी दिशा बदलते. शेकायची योग्य वेळ वाळवणीच्या मध्यावर, साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात. अगदी ओली काठी शेकली तर आतल्या पाण्यामुळे परत वळते. पूर्ण वाळलेली मऊ होण्याआधी करपते.

ज्वाला नको, निखारे हवेत. लाकडी कोळशाचे फूटभर लांब पसरलेले निखारे, वर राखेचा पातळ थर. काठी निखाऱ्यांपासून चार बोटं वर धरून सतत फिरवायची आणि बाकाच्या दोन्ही बाजूंना वीतभर पुढे-मागे करायची. थोड्या वेळात साल घामेजते, चकाकी येते, हिरवा रंग पिवळट होऊ लागतो. ही खूण दिसली की वाकवायला घ्या. रंग तपकिरीकडे झुकला तर उशीर झाला, तिथले धागे भाजून ठिसूळ झाले.

वाकवण्यासाठी जमिनीत घट्ट रोवलेला ओंडका आणि त्याला लाठीपेक्षा थोडं मोठं आरपार भोक, एवढं पुरतं. भोकाच्या कडा गोल करून घ्या, नाहीतर त्या सालीत रुततात. काठी भोकात घालून बाकाच्या उलट दिशेला सावकाश दाबा आणि सरळ रेषेच्या किंचित पलीकडे न्या, कारण सोडल्यावर ती थोडी मागे येते. तशीच दाबून धरा आणि ओल्या फडक्याने पुसून गार करा. हात सोडायची घाई केली तर पाच मिनिटांत बाक जागेवर. झटका दिला तर आतल्या बाजूची साल चुरगळते, तिथे बारीक आडवी घडी दिसते. घडी पडलेली लाठी खेळातून बाद.

बुडख्याकडून सुरुवात करून एकेक गाठ घेत शेंड्याकडे जा. एका डोळ्याने बुडख्याकडून नेम धरल्यासारखं पाहा, मग पाव फिरवून पुन्हा पाहा. एका बाजूने सरळ दिसणारी लाठी दुसऱ्या बाजूने नागमोडी असू शकते. दोन गाठींमधल्या पेरात बाक असेल तर तिथे शेकण्यापेक्षा शेजारच्या दोन गाठी थोड्या-थोड्या वळवून रेषा जुळवा. पेर वाकवल्यावर चिरते, गाठ सहसा चिरत नाही.

एक धोका लक्षात ठेवा. काठीत पोकळी असेल तर बंद पेरातली हवा आणि वाफ तापून साल फटाक्यासारखी फुटते. पोकळ भाग असलेल्या काठ्यांच्या गाठी लांब सळीने आधी आरपार फोडून घ्या. बुडाकडच्या भरीव तुकड्याला ही भीती नाही. तरी शेकताना तोंड काठीच्या रेषेत ठेवू नये आणि मुलांना जवळ बसवू नये.

सरळ झालेल्या काठ्या सरळ फळीला दर फुटावर दोरीने बांधा आणि उरलेली वाळवण तशीच होऊ द्या.

गाठी आणि टोकं

पूर्ण वाळल्यावरच गाठींना हात लावा. डहाळ्यांचे खुंट बारीक दात्यांच्या करवतीने सालीजवळ कापा, मग कानशीने गोल करा. गाठ पूर्ण सपाट करायचा मोह आवरावा. हाताला टोचणार नाही एवढंच घासायचं आणि बोटाला पुसटसा उंचवटा जाणवू द्यायचा. गाठ पेराच्या पातळीला आणली म्हणजे तिथली धाग्यांची दाट चादर कापली जाते आणि लाठी बरोबर तिथेच मोडते.

पेरांवरची साल तासू नका. फुटक्या काचेच्या धारेने हलक्या हाताने खरवडून मळ आणि मेणचट थर काढावा, मग 120 आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने. आडवं घासलेलं हाताला खरखरीत राहतं.

लांबी कापताना दोन्ही टोकांना गाठ यायला हवी, आणि गाठीच्या पलीकडे फक्त एक बोट रुंद भाग सोडा. टोकावर बसणाऱ्या ठोक्याची चीर गाठीशी अडते. पेराच्या मध्ये कापलेलं टोक पहिल्या आठवड्यात उमलतं. त्यासाठी लांबी इंच-दीड इंच कमी-जास्त करावी लागली तरी चालेल. माप शरीराला जुळवायचं असतं, टेपला नाही.

टोकांची कडा गोल करून सव्वा इंच रुंद मेणवलेल्या सुती दोऱ्याची घट्ट पट्टी गुंडाळा. दोऱ्याचं शेवटचं टोक पट्टीखालून ओढून लपवा आणि वर इपॉक्सीचा पातळ हात द्या. पितळी शेंबी, म्हणजे टोकावरची टोपी, रुबाबदार दिसते आणि चालताना टोक झिजू देत नाही, पण जोडीच्या सरावात ती नको. समोरच्याची बोटं फुटतात आणि शेंबी सैल झाली तर सुटून उडते. मिरवणुकीची लाठी वेगळी ठेवा, सरावाची वेगळी.

तेल पाजणं

रंगाच्या दुकानात मिळणारं बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, सगळ्यात सोयीचं, कारण ते सुकतं. पहिला हात निम्म्या टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने द्या आणि वीस मिनिटांनी जादा तेल पुसा. चोवीस तासांनी दुसरा हात, पुन्हा चोवीस तासांनी तिसरा, हे दोन्ही न मिसळता आणि अगदी पातळ. टोकांना जास्त पाजा. मोहरीचं किंवा करंजाचं तेलही वापरतात. ते सुकत नाही, जास्त झालं तर धूळ धरतं आणि हात सरकतो.

तेलाने भिजलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि अशी गुंडाळी आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका.

व्हार्निश लावू नका. घामाने ते चिकट होतं आणि फिरवताना हात सरकायचा तिथे अडतो. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, पुन्हा एक हात पुरे. खंडेनवमीला शस्त्रपूजेसाठी लाठ्या निघतातच, त्याच्या आठवडाभर आधी तेल पाजलं की पूजेपर्यंत सुकलेल्या असतात.

लाकडी सोटा

लाकडात धामण पहिल्या पसंतीची. चिवट, लवचीक, ठोका पचवणारी. कुऱ्हाडीच्या दांड्यांना वापरतात ते धावड्याचं लाकूड त्याहून जड आणि टणक. आखूड सोट्याला उत्तम, लांब लाठीला मनगट दमवणारं. बाभूळ सहज मिळते, पण सरळ धाग्याचा तुकडा शोधावा लागतो. तिवस गुणाने चांगला, मात्र तो आणि खैर यांसारखी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सागवान घेऊ नका. दारं-खिडक्यांना त्याच्यासारखं लाकूड नाही, पण ठोक्याला ते तडकतं.

तुकडा करवतीने न कापता पाचर ठोकून फाडून घ्या. फाडलेलं लाकूड धाग्याच्या दिशेनेच सुटतं. करवत धागा कापत जाते आणि तिरक्या धाग्याचा सोटा पहिल्या जोरदार ठोक्याला कलमासारखा तिरपा तुटतो. विकतचा चिरलेला तुकडाच घ्यावा लागला तर धागा वीस इंचांत एक इंचापेक्षा जास्त बाहेर जाताना दिसू नये. मधला मऊ गाभा तुकड्यात नको, त्याच्याभोवती तडे जातात. सालीलगतचं पांढरं लाकूडही नको, त्याला कीड लागते.

40 मिलिमीटर चौकोनी तुकडा, टोकांना मेण, सावलीत साधारण वर्षभर. मग रंध्याने चारही बाजू सरळ करून 34 मिलिमीटरचा चौरस करा. प्रत्येक बाजूवर दोन्ही कडांपासून 10 मिलिमीटरवर रेघ मारा, मधे 14 उरतील. रेघांपर्यंत कोपरे रंधले की अष्टकोन. त्याचे आठ कोपरे हलके रंधून सोळा बाजू, मग कानस, मग पॉलिश पेपरची लांब पट्टी सोट्यावर आडवी टाकून दोन्ही टोकं आळीपाळीने ओढत गोलाई आणा. सरळ गोल करायला गेलं की सोटा अंडाकृती होतो, हे टप्पे टाळू नयेत. लेथवर लांब बारीक काठी थरथरते आणि मधे बारीक होते, हात-रंधाच बरा.

तपासणी

नवी लाठी लगेच जोडीदाराच्या लाठीवर आपटू नये. फरशीवर वीतभर उंचीवरून आडवी टाका. आवाज टणक आणि एकसंध आला पाहिजे, बद्द आला तर आत चीर आहे. दोन विटांवर टोकं टेकवून मध्यावर तळव्याने अंगभार द्या. तिने वाकून परत सरळ व्हावं आणि करकर आवाज करू नये. मग जुन्या टायरवर दहा-पंधरा ठोके, दर दोन-तीन ठोक्यांनंतर लाठी थोडी फिरवून.

रोजच्या तपासणीसाठी कापसाचा बोळा बुडख्यापासून शेंड्यापर्यंत फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे कूस, म्हणजे सुटलेला बारीक धागा, आहे किंवा चीर सुरू होते आहे. कूस पेपरने निघते. नखाला जाणवणारी उभी चीर एका पेरातच असेल तर तिच्यावर दोरा गुंडाळून लाठी एकट्याच्या सरावाला चालते, जोडीला नाही. चिरेने गाठ ओलांडली की ती लाठी काढून टाका. लाठीजवळ पिवळसर पीठ आणि टाचणीएवढी भोकं दिसली तर भुंगा आत आहे. ती लाठी बाकीच्यांपासून ताबडतोब दूर करा, मांडणीवरच्या सगळ्यांत तो पसरतो.

खूण आणि नेआण

आखाड्यात पन्नास लाठ्या असल्या की 'ती बारीकवाली' एवढ्यावर भागत नाही. बुडख्यापासून चार बोटांवर तापवलेल्या तारेने पुसटशी खूण डागावी: जात, इंचात लांबी, मिलिमीटरमध्ये जाडी. 'मान 63-28' म्हणजे मानवेल, 63 इंच, 28 मिलिमीटर. माणग्याला 'मण', धामणीला 'धा'. सोट्यापुढे 'सो', बनेटीपुढे 'ब'. शेवटी तोडणीचं वर्ष. खूण खोल डागू नका, नाहीतर बळाचा थर तिथेच जळतो. अशा खुणेमुळे एकाच वर्षाच्या लाठ्या लागोपाठ फुटू लागल्या तर त्या खेपेची वाळवण चुकली हे लगेच कळतं आणि उरलेल्या वेळीच बाजूला काढता येतात. स्पर्धेला जाताना मात्र त्या स्पर्धेच्या नियमपत्रातली लांबी आणि वजन आधी पाहा, आखाड्याचं माप तिथे चालेलच असं नाही.

मिरवणुकीला किंवा प्रात्यक्षिकाला लाठ्या नेण्याआधी जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 चा मनाई आदेश लागू आहे का ते पोलीस ठाण्यात विचारा. सणासुदीला हे आदेश हमखास निघतात आणि त्यांत काठ्या, लाठ्या, सोटे यांचा नावानिशी उल्लेख असतो. प्रात्यक्षिकाची लेखी परवानगी आयोजकांकडे असेल तर तिची प्रत लाठ्यांच्या गठ्ठ्याबरोबर ठेवावी.

ठेवताना आडव्या, तीन आधारांवर किंवा शेंड्याला दोरी लावून टांगत्या. मोडलेली लाठी जाळायची घाई नको. चिरेपासून वीतभर सोडून उरलेला भाग तीन फुटांचा भरला तर मुलांच्या बनेटीचा दांडा होतो, दीड फुटाचा भरला तर दंडुका. जुनी खूण घासून काढा आणि नव्या नावाची डागा.